बुबुळाच्या काठावरील रोपवाटिका

चुना हा पदार्थ मराठी घराच्या फार जुन्या ओळखीचा. पानाच्या डब्यातील चुनाळ्यात तो असतो, तंबाखूच्या चंचीत असतो, भिंती पांढऱ्या करावयाच्या असल्या म्हणजे बादलीत कालविलेला असतो. आणि अलीकडे तर प्लास्टिकच्या लहानशा पुडीत भरलेला चुना कोणत्याही पानपट्टीच्या दुकानी मिळतो. पदार्थ इतका नित्याचा की त्याचे भय कोणासच वाटत नाही. परंतु हीच पुडी लहान मुलाच्या हाती पडते, मूल खेळताखेळता ती दाबते, पुडी फुटते आणि आतील लगदा पिचकारीसारखा उडून थेट डोळ्यात जातो. भारतातील नेत्ररुग्णालयांत मुलांच्या डोळ्यांना झालेल्या रासायनिक इजांची जी कारणे आढळून येतात, त्यांत चुना हे एक प्रमुख कारण होय.

अशा इजेनंतर पुष्कळदा एक चमत्कारिक गोष्ट घडते. पहिल्या काही दिवसांतील आग आणि लाली ओसरते, पाणी वाहणे कमी होते, आणि डोळा वाचला असे घरच्या मंडळींना वाटू लागते. पुढे मात्र महिन्यामहिन्याने त्या डोळ्यावर धुरकट पडदा चढू लागतो. पांढऱ्या भागातील रक्तवाहिन्या बुबुळावर सरकू लागतात. उजेड सहन होईनासा होतो, डोळा वारंवार दुखतो, आणि अखेरीस ज्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे असे म्हणतात, ती अवस्था येते. नेत्रदानातून मिळालेले स्वच्छ पटल शस्त्रक्रियेने बसवावे, तर तेही काही काळाने गढूळ होते. इजा तर एकदाच झाली. मग डोळा पुन्हापुन्हा का बिघडावा? या प्रश्नाचे उत्तर बुबुळाच्या मध्यभागी नाही. ते त्याच्या काठावर आहे. ते उत्तर हाती येण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, आणि त्या उत्तरातून निघालेल्या एका सोप्या शस्त्रक्रियेचा जन्म हैदराबाद शहरात झाला.

हे सर्व नीट ध्यानात येण्यासाठी डोळ्याच्या दर्शनी भागाची रचना प्रथम पाहावयास हवी. डोळ्यातील काळ्या वा तपकिरी वर्तुळावर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक पटल बसविलेले असते. शास्त्रीय परिभाषेत त्यास स्वच्छमंडल म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी कॉर्निया हा शब्द असतो. त्याचा आडवा व्यास साडेअकरा ते बारा मिलिमीटर, आणि मध्यभागी जाडी अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बाहेरून येणारे प्रकाशकिरण वळवून ते डोळ्याच्या आत एकत्र आणण्याच्या कामापैकी सुमारे दोन तृतीयांश काम हे एकटे पटल करते. उरलेले काम आतील भिंगाकडे असते. शरीरातील बहुतेक भाग रक्तावर पोसले जातात. स्वच्छमंडलात मात्र एकही रक्तवाहिनी नसते. त्याला लागणारा प्राणवायू अश्रूंच्या थरातून, हवेतून मिळतो आणि पोषणद्रव्ये मुख्यतः आतील पाण्यासारख्या द्रवातून मिळतात. रक्तापासून असे अलिप्त राहिल्यामुळेच त्यातून आरपार दिसू शकते. त्यात रक्तवाहिन्या शिरल्या की काच मळली असे समजावे.

या पटलाच्या अगदी वरच्या बाजूस पेशींचा एक पातळ पापुद्रा असतो. पेशींचे पाच ते सात थर एकावर एक रचून तो बनलेला असतो. तरी त्याची एकूण जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकीच भरते. धूळ, वारा, ऊन आणि पापण्यांची अखंड उघडझाप यांच्याशी पहिला सामना याच पापुद्र्याचा होतो. साहजिकच त्याच्या वरच्या पेशी झिजून अश्रूंबरोबर वाहून जातात व खालून नव्या पेशी वर येतात. हा क्रम इतका वेगाचा आहे की साधारणपणे आठदहा दिवसांत सारा पापुद्रा नवा झालेला असतो. आज आरशात जो डोळा दिसतो, त्याचा पृष्ठभाग पंधरवड्यापूर्वीचा नव्हे.

आता, दररोज झिजणाऱ्या या पापुद्र्याला नव्या पेशींचा पुरवठा कोठून होतो, हा कळीचा मुद्दा आहे. फार दिवस असा समज होता की, स्वच्छमंडलाच्या तळच्या थरातूनच हा पुरवठा होतो आणि अडीअडचणीस शेजारच्या पांढऱ्या भागावरील ओलसर पापुद्रा रूप पालटून मदतीस येतो. १९७१ साली नॉर्वेतील डाव्हांगर आणि एव्हेन्सन या दोन संशोधकांनी निराळे मत मांडले. बुबुळ आणि पांढरा भाग यांच्यामधील सीमेवर जी अरुंद किनार असते, तेथूनच नव्या पेशी निघून मध्याकडे सरकत असाव्यात, असे त्यांनी सुचविले. या किनारीस लॅटिन भाषेत काठ या अर्थाचा ‘लिंबस’ हा शब्द आहे. तिची रुंदी एखाददुसऱ्या मिलिमीटरहून अधिक नाही.

हे मत त्या वेळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९८६ साली न्यूयॉर्क येथील संशोधकांनी पेशींतील केराटिन नावाच्या प्रथिनाचा माग काढला. पूर्ण तयार झालेल्या स्वच्छमंडलाच्या पेशींत या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार असतो. किनारीच्या तळच्या पेशींत तो आढळला नाही. म्हणजे त्या पेशी अजून कोवळ्या, कामाला न लागलेल्या होत्या. १९८९ साली त्याच वर्तुळातील संशोधकांनी उंदरांच्या डोळ्यांवर प्रयोग करून दाखविले की, फार सावकाश विभागणाऱ्या पेशी केवळ किनारीवरच सापडतात, स्वच्छमंडलाच्या मध्यभागी सापडत नाहीत. सावकाश विभागणे ही मूलपेशींची खूण होय.

मूलपेशी हा शब्द आता वृत्तपत्रांतून वारंवार येतो. त्याचा अर्थ मात्र पुष्कळदा धूसरच राहतो. घरात आलेले सारे धान्य शेतकरी दळून खात नाही. पुढील पेरणीपुरते बियाणे तो वेगळे काढून कणगीत जपून ठेवतो. शरीरातही असेच आहे. बहुतेक पेशी नेमून दिलेले काम करतात आणि झिजून जातात. काही थोड्या पेशी मात्र बियाण्यासारख्या राखून ठेवलेल्या असतात. त्या क्वचितच विभागतात; आणि विभागल्या की एक पेशी बियाणे म्हणून मागे राहते, दुसरी कामावर जाते. यांना मूलपेशी म्हणावयाचे. स्वच्छमंडलाच्या या बियाण्याची कोठी म्हणजे त्याच्या काठावरील ती अरुंद किनार होय. निसर्गाने ती जागाही विचारपूर्वक निवडली असावी असे वाटते. तेथे बारीक बारीक घड्या असतात. त्यांच्या खोबणीत या पेशी सुरक्षित बसतात. कडक उन्हापासून बचाव करण्यास तेथे काळसर रंगद्रव्य असते, आणि पोषणासाठी रक्तवाहिन्याही जवळच असतात.

ही किनार आणखी एक काम करते. ती बांधासारखी आहे. पलीकडच्या पांढऱ्या भागावरील पापुद्रा व त्यातील रक्तवाहिन्या यांना ती अलीकडे येऊ देत नाही. बांध शाबूत असेतोवर दोन्ही बाजू आपापल्या जागी नांदतात. बांध फुटला की पलीकडचे तण अलीकडच्या शेतात शिरते.

चुना डोळ्यात गेला म्हणजे नेमके हेच होते. आम्लाने डोळा भाजतो खरा. परंतु सौम्य आम्लाच्या संपर्काने वरची प्रथिने साकळतात आणि त्यांचा थर पुढील नासाडीस काही अंशी आडवा येतो. अल्कलीचे तसे नाही. ती पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांचा जणू साबण करून टाकते व खोलवर झिरपत जाते. चुन्याची आणखी एक खोड अशी की, त्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात आणि तेथून तासन् तास दाह चालू ठेवतात. अशा रीतीने बुबुळाभोवतालची किनार पुष्कळशी जळून गेली की बियाणे नाहीसे होते आणि बांधही फुटतो. जुना पापुद्रा झिजतो, नवा येत नाही. पृष्ठभागावर पुन्हापुन्हा व्रण पडतात, आणि मोकळ्या पडलेल्या जागेवर पांढऱ्या भागाचा पापुद्रा रक्तवाहिन्यांसह चालून येतो. इजा एकदाच झाली असली तरी डोळा दिवसेंदिवस का बिघडत जातो, याचे कारण हे असे आहे.

बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया अशा डोळ्यात का टिकत नाही, हेही यावरून कळते. योगायोग असा की, माणसाच्या डोळ्यात स्वच्छमंडलाचे पहिले यशस्वी रोपण चुन्यानेच दृष्टी गमावलेल्या एका मजुरावर झाले होते. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोत्स येथे एडुआर्ड झिर्म या डॉक्टरने ही शस्त्रक्रिया केली. त्या रुग्णाचे दोन्ही डोळे चुन्याने भाजलेले होते. दोन्ही डोळ्यांत रोपण केले, त्यांपैकी एका डोळ्यातील पटल स्वच्छ राहिले. त्या डोळ्याच्या किनारीचा काही भाग जिवंत राहिला असला पाहिजे, असा तर्क आजच्या ज्ञानाच्या आधारे करता येतो. कारण नेत्रपेढीतून येणारे पटल म्हणजे स्वच्छमंडलाचा मधला गोल तुकडा असतो. त्यात बियाणे नसते. त्याच्या पृष्ठभागाला नव्या पेशी पुरविण्याचे काम रुग्णाच्या स्वतःच्या किनारीलाच करावे लागते. किनारच नसेल, तर उत्तमातले उत्तम पटलही पडीक शेतात लावलेल्या रोपाप्रमाणे फार दिवस तग धरीत नाही. म्हणून अशा डोळ्याच्या बाबतीत आधी काठ सुधारावा आणि मग गरज असेल तरच काच बदलावी, हा क्रम पाळणे अवश्य ठरते.

काठ सुधारावयाचा तर बियाणे कोठून आणावयाचे? एकाच डोळ्याला इजा झाली असेल, तर उत्तर रुग्णापाशीच असते. त्याचा दुसरा डोळा निरोगी असतो. १९८९ साली अमेरिकेतील केनेथ केन्यन आणि शेफर त्सेंग यांनी चांगल्या डोळ्याच्या किनारीचे पट्टे काढून ते भाजलेल्या डोळ्याच्या काठावर लावण्याची शस्त्रक्रिया विस्ताराने मांडली. पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच असल्यामुळे शरीर त्या परक्या मानून नाकारण्याचा प्रश्न उरला नाही. डोळे सुधारू लागले. तथापि या पद्धतीत एक शंका सतत मनात राही. चांगल्या डोळ्यातून घ्यावयाचे पट्टे बरेच मोठे असत. ज्या एका डोळ्यावर माणसाचा सारा व्यवहार चाललेला, त्याच्याच काठावर सुरी चालवून उद्या तोही आजारी पडला तर काय करावयाचे, या धास्तीने रुग्ण कचरत आणि डॉक्टरही कचरत.

या अडचणीतून पहिली वाट इटलीत निघाली. १९९७ साली ग्रात्सिएल्ला पेल्लेग्रिनी, मिकेले दे लुका आणि त्यांचे सहकारी यांनी दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोघांचाही एकेक डोळा अल्कलीने भाजलेला होता. त्यांच्या निरोगी डोळ्याच्या काठावरून अवघा एक चौरस मिलिमीटर तुकडा घेऊन त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढविण्यात आल्या, आणि त्यांचा तयार झालेला पापुद्रा रोगी डोळ्यावर बसविण्यात आला. मूठभर बियाण्यापासून रोपवाटिकेत वाफाभर रोपे तयार करावी, तसाच हा प्रकार झाला. पुढे २०१० साली याच परंपरेतील इटालियन संशोधकांनी ११२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात शेकडा ७६.६ डोळ्यांचा पृष्ठभाग कायमचा सुधारल्याचे दिसून आले. फेब्रुवारी २०१५ मध्ये युरोपीय संघाने या पद्धतीने तयार होणाऱ्या उपचारास होलोक्लार या नावाने सशर्त मान्यता दिली. मूलपेशींवर आधारलेल्या औषधाला युरोपात मिळालेली ती पहिली मान्यता होती.

भारतात हे काम हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने हाती घेतले. १९८७ साली डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी स्थापन केलेल्या या संस्थेस, तिला उदार देणगी देणारे चित्रपटनिर्माते एल. व्ही. प्रसाद यांचे नाव देण्यात आले आहे. २००१ सालापासून तेथे पेशी वाढवून त्यांचे रोपण करण्यास प्रारंभ झाला. युरोपातील पद्धतीत पेशी वाढविताना उंदराच्या पेशींचा आधार घेतला जाई. हैदराबादच्या पद्धतीत तो टाळण्यात आला. दहा वर्षांच्या अवधीतील २०० रुग्णांचा वृत्तांत संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केला, आणि त्यात शेकडा ७१ जणांच्या बाबतीत यश मिळाल्याचे नोंदविले.

एवढे यश मिळूनही एक मोठी अडचण शिल्लकच होती. पेशी वाढविण्यासाठी निर्जंतुक प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ मनुष्यबळ लागते, कडक नियमांचे पालन करावे लागते. रुग्णावर दोनदा शस्त्रक्रिया करावी लागते. एकदा तुकडा घेण्यासाठी, आणि पेशी वाढल्यानंतर रोपणासाठी. हा सारा खर्च श्रीमंत देशांनाही जड जातो. आणि चुन्याने, आम्लाने, कारखान्यातील रसायनाने ज्यांचे डोळे जातात, ती माणसे बहुधा गरीब घरची असतात. शहरातील मोजक्या प्रयोगशाळांपर्यंत पोचणे त्यांतील किती जणांना साधणार?

या प्रश्नावर डॉ. वीरेंद्र सांगवान, डॉ. सायन बसू, शास्त्रज्ञ डॉ. दोराइराजन बालसुब्रमणियन आणि इंग्लंडमधील शेफील्डच्या शीला मॅकनील यांनी जी युक्ती काढली, ती ऐकताना अगदी साधी वाटते. पेशी प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत वाढवून मग डोळ्यावर नेण्याऐवजी, त्या डोळ्यावरच का वाढवू नयेत? आवश्यक ती ऊब, ओलावा आणि पोषण तेथे आयतेच आहे. २०१२ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. ‘सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन’ या तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती आता ‘स्लेट’ या सुटसुटीत नावाने जगभर ओळखली जाते.

तिची कृती अशी. प्रथम निरोगी डोळ्याच्या काठावरून सुमारे दोन मिलिमीटर लांब व दोन मिलिमीटर रुंद एवढाच तुकडा अलगद काढून घेतात. नंतर रोगी डोळ्यावर चढलेला रक्तवाहिन्यांचा व वणाचा पडदा सोलून काढतात. उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर वारेच्या आतील बाजूचे अतिशय पातळ अस्तर पसरतात. बाळंतपणानंतर जी वार टाकून दिली जाते, तिचेच हे अस्तर होय. मातेच्या संमतीने ते घेऊन, आवश्यक त्या तपासण्या करून निर्जंतुक स्वरूपात जपून ठेवलेले असते. ते दाह शमविते आणि पेशींना वाढण्यासाठी मऊ गादी पुरविते. ते जागच्या जागी राहावे म्हणून टाके न घालता फायब्रिनचा डिंक वापरतात. रक्त गोठताना जे द्रव्य तयार होते, तेच हे. आता त्या चिमुकल्या तुकड्याचे आठ ते दहा कण करतात आणि ते अस्तरावर वर्तुळाकार, एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर ठेवतात. दृष्टीच्या वाटेत अडथळा नको म्हणून मधली जागा मोकळी सोडतात. पुन्हा डिंकाचा थेंब टाकून कण पक्के करतात व वरून मऊ स्पर्शभिंग पट्टीसारखे बसवितात. सारे काम एकाच बैठकीत पुरे होते.

पावसाळ्यात भाताची लावणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या कृतीचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको. रोपे चिखलात अंतराअंतराने खोचली जातात. प्रारंभी मधले पाणीच अधिक दिसते, आणि काही आठवड्यांत सारे खाचर हिरवेगार होते. येथेही प्रत्येक कणाभोवती पेशी पसरू लागतात, एका कणाच्या पेशी दुसऱ्याच्या पेशींना मिळतात आणि पृष्ठभाग पुन्हा एकसंध होतो. खालचे अस्तर हळूहळू विरून जाते. पहिल्या वृत्तांतात सहा रुग्ण होते. सहाही जणांचा पृष्ठभाग सहा आठवड्यांच्या आत भरून आला, आणि पुढे सरासरी नऊ महिने पाहणी केली तेव्हाही तो टिकून होता. २०१६ साली १२५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांत प्रौढ ६५ व मुले ६० होती. त्यांपैकी ९५ जणांच्या, म्हणजे शेकडा ७६ जणांच्या डोळ्याचा पृष्ठभाग स्वच्छ व स्थिर राहिला. महागड्या प्रयोगशाळेतून मिळणाऱ्या यशाशी तुलना केली, तर हे यश तिळमात्र उणे नाही. ही गोष्ट लक्षात आल्यावर भारतात आणि भारताबाहेर अनेक ठिकाणच्या शल्यचिकित्सकांनी ही पद्धत उचलली.

तथापि या शस्त्रक्रियेच्या मर्यादाही स्पष्टपणे समजून घ्यावयास हव्यात. शेकडा ७६ यशस्वी याचा दुसरा अर्थ शेकडा २४ अयशस्वी असा होतो. पापण्या नीट मिटत नसतील, डोळा अगदी कोरडा असेल अथवा पापणी बुबुळास चिकटली असेल, तर यशाची शक्यता घटते आणि या गोष्टी आधी दुरुस्त कराव्या लागतात. इजा ताजी असताना रोपण करीत नाहीत. दाह पुरता शमेपर्यंत महिनेच्या महिने थांबावे लागते. पृष्ठभाग सुधारला तरी खालच्या थरात खोल वण असेल, तर दृष्टी येण्यासाठी पुढे नेत्रदानातून मिळालेले पटल बसवावे लागते. फरक इतकाच की, आता ते टिकण्याची आशा असते. म्हणजे मूलपेशींमुळे नेत्रदानाची गरज संपली असे मुळीच नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत केलेल्या नेत्रदानाचे मोल पूर्वीइतकेच आहे.

सर्वांत अवघड प्रश्न दोन्ही डोळे गेलेल्यांचा. दोन्ही डोळ्यांवर रसायन उडाले, किंवा एखाद्या औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने स्टीव्हन्स-जॉन्सन हा विकार जडून दोन्ही काठ नष्ट झाले, तर स्वतःचे बियाणे उरतच नाही. अशा वेळी आईवडील, भाऊबहीण यांच्या डोळ्याच्या काठाचा अंश किंवा मृत दात्याची किनार वापरता येते. परंतु काठाच्या जवळ रक्तवाहिन्या असल्यामुळे शरीर या परक्या पेशींना लवकर ओळखते. त्या टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात, आणि त्यांचे दुष्परिणाम वेगळेच. जपानमधील कोजी निशिदा यांनी २००४ साली रुग्णाच्या गालाच्या आतील अस्तरातील पेशी वाढवून डोळ्यावर बसविण्याचा उपाय प्रसिद्ध केला. पुढे शिन्या यामानाका यांच्या शोधाने आणखी एक दार उघडले. पूर्ण वाढलेल्या पेशीस पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेण्याची रीत त्यांनी २००६ साली दाखविली, आणि त्याबद्दल २०१२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेशींपासून तयार केलेला स्वच्छमंडलाचा पापुद्रा निशिदा यांच्या पथकाने २०१९ साली प्रथम माणसाच्या डोळ्यावर बसविला; चार रुग्णांवरील अनुभव २०२४ साली प्रसिद्ध झाला. आरंभ उत्साह वाढविणारा आहे. परंतु चार रुग्णांवरून साऱ्या जगाला लागू पडणारा निष्कर्ष काढता येत नाही, हेही खरे.

येथे एक इशारा अस्थानी ठरू नये. मूलपेशी या शब्दाभोवती आज एक प्रकारचे वलय निर्माण झाले आहे, आणि त्याचा गैरफायदा घेणारेही पुष्कळ आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच शरीरातील चरबीपासून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या, आणि त्यात त्यांच्या दृष्टीची गंभीर हानी झाल्याचा वृत्तांत २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. किनारीच्या पेशींचे रोपण हा याहून अगदी वेगळा प्रकार आहे. कोणत्या पेशी, कोणत्या जागी, कोणत्या कामासाठी लावावयाच्या याचे निश्चित ज्ञान त्यामागे आहे. भाताचे बियाणे गव्हाच्या शेतात टाकून पीक येत नसते. पडद्याचा विकार असो, मज्जातंतूचा असो वा जन्मजात अंधत्व असो, सर्वांवर एकच मूलपेशींचे इंजेक्शन चालते असे कोणी सांगू लागला, तर त्याच्यापासून दूर राहणे शहाणपणाचे.

या साऱ्या शास्त्राचा सामान्य घराशी जो संबंध आहे, तो शस्त्रक्रियागृहाच्या बराच अलीकडे सुरू होतो. किनारीतील किती पेशी जळतील, हे पुष्कळसे पहिल्या काही मिनिटांतच ठरते. चुना, आम्ल, फरशी धुण्याचे द्रव्य किंवा कोणतेही रसायन डोळ्यात गेले, तर त्याच क्षणी जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा धुण्यास लागावे. नळ असो, तांब्या असो वा पिण्याच्या पाण्याचा माठ असो, औषध आणण्यासाठी वा वाहन शोधण्यासाठी थांबू नये. मूल रडेल, डोळे घट्ट मिटून घेईल. तरी बोटांनी पापण्या उघडून निदान पंधरा ते तीस मिनिटे पाण्याची धार सोडीत राहावे. डोळा चोळू देऊ नये. चुना अल्कली आहे म्हणून त्यावर लिंबू पिळण्याचा विचारही मनात आणू नये. त्याने दुसरी इजा होते. तूप, मध, दूध, गुलाबपाणी यांतील काहीही घालू नये. त्यानंतर विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि डोळ्यात काय गेले ते स्पष्ट सांगावे, म्हणजे तो पापणी उलटून आत दडलेले कण काढील. दुसऱ्या दिवशी डोळा बरा दिसतो म्हणून तपासणी टाळू नये. काठाचे नुकसान पुढे महिन्यांनी प्रकट होते, हे वर आलेच आहे. आणि ज्यांच्या घरी चुन्याची इजा झालेले मूल किंवा माणूस वर्षानुवर्षे एका डोळ्यावर दिवस काढीत असेल, त्यांनी ‘फूल पडले, आता इलाज नाही’ असे समजून स्वस्थ बसू नये. त्या डोळ्याची तपासणी आता नव्याने करून घेणे योग्य ठरेल.

एक मिलिमीटर रुंदीच्या किनारीचा शोध लागण्यास शास्त्रज्ञांची कितीतरी वर्षे गेली, आणि तिचे रोपण गरिबाच्या आवाक्यात आणण्यास आणखी दोन दशके लागली. चुन्याची पुडी वरच्या फळीवर ठेवण्यास मात्र क्षणही लागत नाही. ज्या घरात ती हाती लागेल अशी पडलेली असेल, तेथे आजच तिची जागा बदलावी.